ताटातली निळी फुलं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हा पक्षी माणसांशी बोलत, आणि माणसं ऐकूनही घेत. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर ऐकावीच.

एका राज्याच्या टोकाला एक गाव होतं. गावाच्या डोक्यावर काळ्या कातळाचा सडा होता, उघडा आणि सपाट. सड्याच्या मधोमध एक मोठा उथळ खोलगा होता. गाव त्याला ताट म्हणायचं. पावसाळ्यात ताट पाण्यानं भरायचं. पाऊस सरला की कातळातल्या एका फटीतून पाणी हळूहळू उतरायचं, उरलेलं पाणी ऊन पिऊन टाकायचं, आणि उन्हाळ्यात तिथे भेगाळलेल्या चिखलाशिवाय काही नसायचं.

पण मधले थोडे दिवस वेगळे होते. पाणी काठापासून पाऊलभर मागे सरलं, की त्यानं सोडलेल्या ओल्या मातीवर निळी फुलं उभी राहायची. बोटाच्या पेराएवढी. पाणी आणखी मागे गेलं की आणखी फुलं. निळं कडं, त्याच्या आत निळं कडं, त्याच्याही आत एक, आणि मधोमध उरलेलं थोडंसं पाणी, त्यात अख्खं आभाळ. जगात दुसरीकडे कुठेही हे फूल नव्हतं. त्या दिवसांत सड्यावर गेलेला माणूस आपोआप हळू बोलायचा. भांडकुदळसुद्धा.

त्या गावात एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहायचे. आईबाप नव्हते. बहीण गावाच्या म्हशी राखायची, आणि भावालाही तिनंच वाढवलं होतं. सगळं गाव त्याला धाकट्या म्हणायचं. डोकं तापट, पाय एका जागी ठरत नसत. विचार करायचं काम त्यानं बहिणीवरच सोडून दिलं होतं.

फुलं सुकली की बहीण एक काम न चुकता करायची. म्हशींचा कळप ताटात घालायची, ओल्या चिखलातून गोल गोल फिरवायची, आणि स्वतः सगळ्यांच्या मागून अनवाणी चालायची. तिच्या आधी हे काम जुने गुराखी करायचे, आणि त्यांच्या आधी त्यांचे म्हातारे.

"ताई, एवढ्या देखण्या फुलांवर म्हशी घालतेस," धाकट्या काठावर बसून म्हणायचा. "तुझं मन तरी कसं होतं?"

"फुलं आहेत कुठे आता? सुकली ती."

"म्हणून तुडवायची?"

"म्हणूनच तुडवायची. तू उतर की खाली. चाललास की कळेल."

"माझे पाय घाण होतात."

"राजाचा जावईच की नाही तू," बहीण म्हणायची, आणि पुढच्या म्हशीला हाक द्यायची.

तो कधी उतरला नाही.

एका उन्हाळ्यात बहिणीला ताप आला. तो उतरलाच नाही. शेवटी शेवटी तिच्यात बोलायचंही बळ नव्हतं. तरी धाकट्याचा हात धरून ती म्हणाली, "फुलं आली की मला सांगायला ये."

आणि ती गेली. सड्याच्या पायथ्याशी तिला अग्नी दिला. धाकट्यानं त्या जागी दगडांची एक रास रचली.

तो रडला नाही. तो चिडला. आई गेली, बाप गेला, आता ताई. त्याला वाटलं, जगात सगळं येतं ते हातातून निसटायलाच. आणि ती फुलं तरी काय, नजर ठरते न ठरते तोच सुकून जातात.

"आता काही जाऊ द्यायचं नाही," तो स्वतःशीच म्हणाला. "पाणी जातं म्हणून फुलं जातात. पाणीच अडवतो. बारा महिने फुलं उभी राहतील. ताईला रोज जाऊन सांगेन."

पावसाच्या आधी त्यानं एकट्यानं दगड ओढून आणले, फट बुजवली, वरून चिकणमातीनं लिंपली. मग ताटाभोवती काट्यांचं कुंपण घातलं. शेजारची म्हातारी आपली म्हैस घेऊन चढत आली, तर वाट बंद.

"अरे, म्हशी आत नाही गेल्या तर तिथलं गवत कोण खाणार? तू?"

"ताईच्या फुलांना आता एकही खूर लागू द्यायचा नाही, आजी."

 म्हातारी म्हशीला वळवून खाली गेली. दुःखाशी हुज्जत कोण घालणार?

ताट काठोकाठ भरलं. पाऊस सरला, तरी पाणी जागचं हललं नाही. धाकट्या काठावर बसून राहिला. फुलांचे दिवस आले, तसेच गेले. थंडी आली. काठानं लव्हाळी माजली, गवत कमरेला लागलं, पाण्यात मासे दिसू लागले. गाव खूश झालं. भर उन्हाळ्यात सड्यावर पाणी, कुणी कधी पाहिलं होतं? "धाकट्यानं नाव काढलं," लोक म्हणाले.

फक्त फूल नव्हतं.

पुढच्या वर्षी नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. धाकट्यानं दगडांच्या राशीकडे जायचं सोडून दिलं. जाऊन सांगणार काय?

एका रणरणत्या दुपारी एक टिटवी त्याच्या डोक्यावरून ओरडत फिरू लागली.

"माझी जमीन परत दे."

"कसली जमीन?"

"या ताटाच्या कोरड्या तळावर मी अंडी घालते. माझी आई इथेच घालायची. किती उन्हाळे झाले, माझं घर पाण्याखाली आहे. कुणी अडवलं हे?"

"मी. फुलांसाठी."

टिटवी खाली उतरली. मान तिरकी करून तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "मग कुठायत फुलं?"

धाकट्यानं नुसत्या लव्हाळीकडे बोट दाखवलं.

"त्या फुलाचं बी पाण्याखाली भिजून तयार होतं," टिटवी म्हणाली, "पण पाणी मागे सरल्याशिवाय डोकं वर काढत नाही. आणि झाड वाळलं, की त्याच्या बीला तव्यासारखी तापलेली जमीन लागते. ती मिळाली नाही, तर ते पुढच्या पावसात उठत नाही. तू पाणी दिलंस, बाबा. पाण्याचं जाणं दिलं नाहीस. तू त्याचं मरण अडवलंस, म्हणून त्याचा जन्म अडला."

"मग संपलं का ते? कायमचं?"

"सुटं बी माशांनी कधीच खाल्लं. खोल काही उरलं असेल तर मला ठाऊक नाही. मी वरवर चालणारी."

धाकट्या धावत घरी गेला आणि पहार घेऊन आला. त्याच्या मागोमाग गावही आलं.

"बांधलंस तूच, फोडतोस तूच? आणि आमचे मासे?"

एरवी तो अंगावर धावून गेला असता. आज त्यानं मान खाली घातली. "मासे मी टोपलीनं नदीत नेऊन सोडतो. पण पाणी जाऊ द्या. इतके दिवस धरून ठेवलं, आता माझ्यानं धरवत नाही."

"करू द्या त्याला," म्हातारी म्हणाली. "ताई गेल्यापासून तो रडायचा राहिलाय."

फट उघडली. पाणी खळखळत उतरू लागलं. धाकट्या तिथेच बसला आणि पाणी उतरेपर्यंत रडला.

तळ उघडा पडला, तापला, भेगाळला. टिटवीनं अंडी घातली. कुंपण निघालं, म्हशींनी लव्हाळी आणि गवत खाऊन साफ केलं. मग पाऊस आला, ताट भरलं, पाऊस सरला.

पाणी पाऊलभर मागे सरलं. काही नाही. आणखी सरलं. काही नाही. धाकट्या काठ सोडेना.

मग एका सकाळी ओल्या मातीवर निळा ठिपका दिसला. त्याच्याजवळ दुसरा. पण ही नेहमीची कडी नव्हती. दोन निळे अर्धचंद्र, समोरासमोर. पुढे पुन्हा दोन. त्याच्यापुढे पुन्हा. म्हशीचे खूर होते ते, फुलांनी भरलेले, आणि त्यांची रांग ताटात गोल फिरत गेली होती.

आणि त्या सगळ्या खुरांच्या मागे, एका माणसाची पावलं. अनवाणी. टाच निळी, बोटं निळी. डावं, उजवं, डावं. मधल्या पाण्यापर्यंत चालत गेलेली.

वरचं बी माशांनी खाल्लं होतं. खुरांनी आणि तिच्या पावलांनी चिखलात खोल दाबलेलं तेवढं वाचलं होतं. गढूळ पाण्याखाली, काळोखात, ते इतके दिवस तिचं पाऊल धरून बसलं होतं.

धाकट्या खाली उतरला. एका पावलाशेजारी त्यानं आपलं पाऊल टेकवलं, फूल न दुखवता. त्याच्या पावलापेक्षा ते कितीतरी लहान होतं. त्याला ते कधी माहीतच नव्हतं.

मग तो सडा उतरून धावत सुटला, दगडांच्या राशीपाशी आला, आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, आली."

फुलं सुकली तेव्हा धाकट्यानं सगळ्या गावाच्या म्हशी हाकल्या. त्यांना ताटात घातलं, आणि मागून स्वतः अनवाणी चालला. पाय पोटरीपर्यंत घाण झाले. पुढच्या वर्षी ताटात निळी कडी उभी राहिली.

या गोष्टीचा बोध एवढाच: ज्याच्यावर जीव आहे ते टिकावं असं वाटत असेल, तर त्याच्या येण्याइतकीच त्याच्या जाण्याचीही वाट मोकळी ठेवावी.