पायऱ्यांच्या मध्यावर

“पण दमच लागला नाही, तर तो व्यायाम कसला, भंते?”

यशपाल खोब्रागडे यांनी हे विचारलं तेव्हा टेकडीवरच्या विहाराच्या पायऱ्या ते चढत होते. सोबत भंते धम्मसार होते. वयानं वाकलेले, सावकाश चालणारे. भंते चढत राहिले.

यशपाल शाळेत खेळाचे शिक्षक. पहाटे मुलांना घेऊन तलावाला वळसा घालायचे आणि मागे पडणाऱ्याला थांबू द्यायचे नाहीत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते दवाखान्यातून घरी आले. रिपोर्ट चांगले निघाले, पण माणूस बरा झाला नाही. आंघोळ करून आले तरी आडवं व्हावं लागे. बोलता बोलता शब्द हरवत. एखाद्या दिवशी बरं वाटलं की हट्टानं मैदानात उतरायचे, धावायचे, आणि मग कित्येक दिवस अंथरुणाला खिळायचे. बायको छाया नोकरी सांभाळून त्यांचं सगळं करी. येणारे-जाणारे म्हणत, दिसायला तर ठणठणीत आहेत.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं, कामाचे तुकडे करा, मध्ये मध्ये टेका, थकण्याआधी थांबा. यशपालना तो सल्ला अपमानासारखा लागला होता. त्यापेक्षा राजीनामा बरा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आज तेच भंतेंच्या कानावर घालायला आले होते. बाईंचा सल्ला चढता चढता सांगून झाला होता.

अर्ध्या वाटेत भंते थांबले. चीवर सावरलं आणि पायरीवरच बसले.

“थकलात का, भंते?”

“नाही.”

“मग बसलात कशाला?”

“थकलो नाही म्हणून.”

यशपाल उभेच राहिले. छाती धडधडत होती, पोटऱ्या थरथरत होत्या. पौर्णिमा असल्यामुळे लोकांची ये-जा चालू होती. वरून उतरणाऱ्या दोन बायांनी भंतेंना वंदन केलं. मागून शाळेतल्या एका मुलीचे वडील आले, ओळखीचं हसले. यांच्यादेखत बसायचं?

भंतेंनी शेजारची जागा हातानं झाडली.

बराच वेळ गेला...

शेवटी यशपाल बसले, मान खाली घालून. कुणी काही म्हणालं नाही. माणसं बाजूनं जात राहिली. आपले डोळे भरून आलेत, हे त्यांना उशिरा कळलं. भंते दुसरीकडे बघत होते.

“बाईंनी काय सांगितलं होतं?”

“थकण्याआधी थांबा.”

“आणि तुम्ही कधी थांबलात?”

यशपालनी डोळे पुसले.

“पडल्यावर.”

थोड्या वेळानं भंते उठले. पुढेही ते वाटेत बसत गेले आणि यशपाल त्यांच्याशेजारी बसत गेले. असे दोघं वर पोचले. दुसऱ्या दिवशी यशपाल अंथरुणात नव्हते.

राजीनामा त्यांनी दिला नाही. मुख्याध्यापिकेशी बोलून तास कमी करून घेतले. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली खुर्ची टाकली आणि तिथून शिट्टी वाजवू लागले. सुरुवातीला खुर्चीत बसलं की नजर वर होत नसे. पुढे धावताना मागे पडलेली मुलं त्यांच्यापाशी येऊन टेकायला लागली. सर त्यांना हाकलत नसत.

वाईट दिवस सरले नाहीत. तसा दिवस आला की ते दार लोटून पडून राहत, आणि छाया त्यांना काही विचारत नसे. पण बाकीच्या दिवशी ती कामावरून आली की चहा यशपालच करत. दोघं बोलत बसत. मध्येच शब्द सापडला नाही, तर ती वाट बघे.

हिवाळ्यात यशपाल पुन्हा विहारात गेले. हे सगळं भंतेंना सांगितलं. सांगून झाल्यावरही ते उठले नाहीत. काहीतरी राहिलं होतं...

“भंते, तो पूर्वीचा यशपाल... तो परत येईल का?”

भंतेंनी चीवर सावरलं.

“आला, तर त्याला आधी बसायला सांगा.”