भुंगेरा आणि ढालकीड

पूर्वी शाल्मली नगरीत उग्रदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने नगराबाहेरच्या रानात काळ्या भुंगेऱ्याचा जन्म घेतला. त्याला उडता येत नसे. पण पाय चपळ होते आणि जबडा असा, की अळी एकदा सापडली की सुटत नसे.

एका वर्षी पाऊस फिरकलाच नाही. रानातल्या अळ्या संपल्या. उपाशी भुंगेरा अन्न शोधत एका शेंदरीच्या झाडापाशी आला. झाडाची एक फांदी जमिनीला टेकली होती. तो वर चढून पाहतो, तर एका पानाखाली केशरी पाठीची ढालकीड आपल्या अंड्यांवर पसरून बसलेली.

त्याला पाहताच तिने उग्र दर्प सोडला. त्या दर्पाने पाखरेसुद्धा माघारी फिरत. भुंगेरा मात्र भुकेपोटी पुढे सरकला. तेव्हा तिने आपली ढालीसारखी पाठ त्याच्याकडे कलती केली.

"तुला पंख आहेत, बाई. उडून जा."

"या लेकरांना अजून पायही फुटले नाहीत, दादा. मी गेले तर त्यांनी कुठं जायचं? खायचंच असेल तर मला खा. मी इथून हलायची नाही."

भुंगेरा थबकला. 'माझीही पाठ हिच्यासारखीच टणक,' त्याच्या मनात आले, 'पण या पाठीखाली आजवर माझ्यावाचून कोणी राहिले नाही.' भूक तशीच होती. तरी त्याला पुढे पाऊल टाकवेना. तो खाली उतरला.

फांदीच्या टोकाशी मुंग्यांची रांग येऊन ठेपली होती.

"वाट सोड," त्यांची पुढारीण म्हणाली. "वर अंडी आहेत. वारुळात आमची पोरं भुकेनं मरायला टेकलीत."

त्यांना चिरडणे त्याला अवघड नव्हते. पण त्यांच्याही घरी लेकरेच होती.

"त्या अंड्यांनी तुमचं कितीसं भागेल? माझं अंग मोठं आहे. मला न्या आणि ही फांदी सोडा."

पुढारीण संशयाने पाहत राहिली. "आणि तुझा जबडा?"

"तो मिटलेला राहील."

मुंग्या त्याच्या अंगावर चढल्या. त्या चावू लागल्या, तरी त्याने जबडा उघडला नाही. त्याला घेऊन मुंग्या वारुळाकडे गेल्या. फांदीकडे एकही वळली नाही. पुढे अंडी फुटली आणि पिल्ले आईच्या पोटाखाली दाटीने बसली.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, ती ढालकीड म्हणजे आज रोग्यांच्या उशाशी बसणारी भिक्षुणी नंदवती. मुंग्यांची पुढारीण म्हणजे उपासिका क्षेमवती. या जन्मी दुष्काळात तिने घरचे कोठार गावाला खुले केले. आणि तो भुंगेरा मीच होतो. अंगी बळ असून ते आवरावे आणि भुकेल्याला आपला देहही द्यावा, याला दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता, म्हणतात."