कचेरीतलं जातं

निंबापूर संस्थानात गरीब विधवांना दरबारातून फुकट धान्य मिळे. त्यानं बाया आळशी होतात, असं नव्या दिवाणांना वाटलं. त्यांनी हुकूम काढला, "धान्य हवं तर काम शोधा, आणि शोधताय हे दाखवायला रोज दिवसभर कचेरीत हजर राहा."

दोन लेकींच्या आईला, भिवराला, खानावळीचं दळण मिळालं. पण तेवढ्यात तिघींचं पोट भरेना. धान्यासाठी कचेरीत बसली, तर दळण राहिलं. खानावळवाला म्हणाला, "उद्या पीठ आलं नाही, तर दुसरी बाई बघतो."

दुसऱ्या दिवशी दिवाण कचेरीत शिरतात, तो भिवरा ऐन दारात जातं ओढत बसलेली. पीठ उडून दिवाणांची पगडी पांढरी झाली.

"हा काय तमाशा?" ते शिंकत ओरडले.

"सरकार, काम करा हा हुकूम तुमचा, हजर राहा हाही तुमचाच. कचेरी काही मला घरी उचलून नेता येईना, म्हणून जातंच इथं आणलं."

कारकुनांनी तोंडात उपरणी कोंबली. शेवटी दिवाणांनाही हसू आवरेना. त्यांनी हजेरी तिथल्या तिथं बंद केली, आणि काम करणाऱ्या बायांचंही धान्य चालू ठेवलं.

जातं घरी पोचवताना मात्र दोन शिपायांच्या कमरेचा काटा ढिला झाला.