कुरतडलेल्या झाकण्या

एका गावात एक कुंभारीण राहायची. नाव गिरजा. हाताला गुण होता, पण मन भारी संशयी. कोणी हसलं तरी हिच्या मनात पाल चुकचुकायची, कोणी गप्प बसलं तरी चुकचुकायची.

एकदा अंगणात वाळत घातलेल्या कच्च्या झाकण्यांच्या कडा तिला कुरतडलेल्या दिसल्या. उंदीर म्हणावं, तर उंदीर माती कशाला खाईल? झालं, तिला शेजारीण आठवली. गिरजाच्या लेकीचा मुलगा चार वर्षांचा झाला तरी धड बोलत नव्हता, हाक मारली तरी बघत नव्हता. ती या शेजारणीचीच करणी, असं गिरजानं कधीच ठरवून टाकलं होतं. आता सून हौसा पोटुशी होती. म्हणजे यावेळी नजर हिच्यावर.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गिरजा रांजणाआड दबा धरून बसली. शेजारीण काही आली नाही. आली ती हौसाच. सहा महिन्यांचं पोट सांभाळत वाकली, झाकणीचा तुकडा मोडला आणि चावू लागली.

सुनेला बाधा झाली म्हणत गिरजानं सुईणीला बोलावून आणलं.

सुईणीनं हौसाची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक. "काय जेवतेस गं?" तिनं विचारलं. हौसानं सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

गिरजाच बोलली, "अर्धी भाकरी आणि पातळ कढी. पोटभर खाल्लं की मूल मोठं होतं, मग बाळंतपणात अडतं. डाळ बाधते, तीळ-गूळ उष्ण पडतो, म्हणून बंद. माझ्या लेकीलाही मी असंच जपलं होतं."

"बाधाबिधा काही नाही. हिच्या अंगात रक्त नाही, म्हणून माती खावीशी वाटते," सुईण म्हणाली. "गिरजाबाई, आत्ता पोटात बाळाचा मेंदू घडतोय. माती कमी घेऊन तू रांजण घडवतेस का कधी?"

गिरजानं डोळे बारीक केले. हिला सुनेच्या माहेरच्यांनी फितवलेलं दिसतंय, असं तिच्या मनात आलं. "म्हणजे माझ्या नातवाचं माझ्या अर्ध्या भाकरीनं झालं, असं म्हणायचंय तुला?"

"ते मला छातीठोक सांगता यायचं नाही. मुलांना अनेक कारणांनी तसं होतं. पण या बाळाचं अजून तुझ्या हातात आहे," एवढं बोलून सुईण गेली.

गिरजा त्या दिवशी चाकाला बसली नाही. सुईण खोटं बोलत असेल तर सून चार घास जास्त खाईल, एवढंच. पण खरं बोलत असेल तर? गावातल्या एकूण एक माणसावर संशय घेऊन झाला होता. आज पहिल्यांदा तिला स्वतःचाच संशय आला, आणि तो काही केल्या जाईना.

संध्याकाळी तिनं नाचणीची भाकरी थापली, मुगाची उसळ आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी केली, वर गुळाचा खडा ठेवला. हौसाला वाटलं, आज सासूबाईंचं काहीतरी बिनसलंय. तिनं घास हातातच धरून ठेवला. "खा गं बाई, विष नाही घातलं," गिरजा म्हणाली, आणि ताट रिकामं होईपर्यंत समोर बसून राहिली. पुढे रोजच बसायची. सून जेवण लपवते की काय, अशी शंका होतीच.

दिवस भरले. मुलगी झाली, बाळंतपणही सुखरूप पार पडलं. काही महिन्यांत पोर आजीचा आवाज आला की मान वळवायला लागली, खुदकन हसायला लागली. एकदा ते बघून गिरजा रडायलाच लागली. आनंदानं रडतेय, असं सगळ्यांना वाटलं. माहेरी आलेली लेक आपल्या मुलाला भात भरवत शेजारीच बसली होती. गिरजानं तिचा हात धरला.

"तुझ्या वेळी मी जगावर संशय घेतला, पोरी," ती म्हणाली. "तुझ्या ताटात मात्र पाहिलं नाही."

तात्पर्य: पोटातल्या बाळाला कोणाची नजर लागेल हे शोधत बसण्याआधी, त्याच्या आईच्या पोटात दोन वेळा पुरेसं आणि सकस अन्न जातंय ना, ते पाहावं.