राजाच्या युगाची दवंडी

विलायतेची एक खोड होती. गादीवर जो बसेल, त्याच्या नावाचं युग! जॉर्ज बसला, जॉर्जचं युग. व्हिक्टोरिया राणी बसली, तिचं युग. एडवर्ड बसला, त्याचं. पूल बांधले कोणी? गवंड्यांनी. कोळसा उपसला कोणी? खाणीतल्या माणसांनी, त्यांच्या चिल्यापिल्यांनी. आणि नाव कोणाचं? खुर्चीत बसलेल्याचं. डोंबल!

तर त्या विलायतेत ऑस्बर्ट नावाचा नवा राजा गादीवर बसायचा होता. आणि त्याच सकाळी राजवाड्यामागच्या इवल्याशा झोपडीत एल्सी नावाची आठ वर्षांची पोर रडत होती. तिला बाप नव्हता. आई, मार्था पिम, राजवाड्याचे कपडे धुवायची. सोड्याच्या पाण्याने तिची बोटं सोलून निघाली होती. वीस वर्षं धुतलं, पण तिचं नाव तिथे एकालाही ठाऊक नव्हतं. "ए धुणंवाली!" बस, एवढंच.

प्रधान येऊन सांगून गेला होता, "उद्या ही झोपडी पाडायची. इथे महाराजांच्या युगाची कमान उभी राहणार."

"मग आम्ही जायचं कुठे, साहेब?" मार्थाने विचारलं.

"कुठेही जा. नव्या युगात असलं खोपटं शोभत नाही."

ऐकलंत? शोभत नाही म्हणे! सगळ्यांचे शर्ट मात्र तिनेच शोभिवंत करायचे.

एल्सी डोळे पुसत राजाच्या बागेत पळाली. जांभळी, गुलाबी, केशरी फुलं दंवात चमचम करत होती. फुलांवर राग नाही, ती बिचारी सगळ्यांसाठी फुलतात. तेवढ्यात तिला बारीकसं रडू ऐकू आलं. माळ्यांनी लावलेली 'ऑस्बर्टचं युग' अशी लोखंडी पाटी घसरून फुलांवर पडली होती, आणि पाटीखाली एक पिटुकली परी अडकली होती! तिचे पंख अभ्रकासारखे चकाकत होते.

एल्सीने दात-ओठ खाऊन पाटी उचलली. बोटं चेंगरली, रक्त आलं, पण तिने पाटी सोडली नाही.

परी फुर्रकन वर उडाली. "गुणाची गं माझी सोनुली! एक इच्छा माग. पण नियम आहेत हं. स्वतःसाठी मागायचं नाही. कोणाचं वाईट मागायचं नाही. आणि एकदा बोललीस की बदलायचं नाही."

"आमची झोपडी वाचव!"

"घरात तूही राहतेस ना, राणी? मग ते स्वतःसाठी झालं."

"हा कसला नियम!" एल्सीने पाय आपटला.

"नियम मी नाही केला गं. मीही त्याच्यावर चिडतेच."

एल्सीने खूप विचार केला. डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं. "मग असं कर. उद्या आम्ही निघून जाऊ. त्याआधी एकदा, एकदाच, माझ्या आईचं नाव सगळ्या गावाला ऐकू येऊ दे."

परीने सोनेरी धूळ फुंकली. दुपारची घंटा वाजली.

चौकात राजा आणि प्रधानासमोर म्हाताऱ्या दवंडीवाल्याने नव्या युगाचं फर्मान उघडलं. गर्दी माना उंचावून बघत होती. तो खणखणीत ओरडला, "ऐका हो ऐका! आजपासून मार्था पिम यांचं युग!"

प्रधान लालबुंद झाला. "थेरड्या! काय बरळतोस? फिरव शब्द!"

"साहेब, घंटा झाली. घंटेनंतरचा शब्द आजवर एकाही राजाने फिरवला नाही. आणि पुढची ओळ तर तुम्हीच लिहिलीय. 'ज्याच्या नावाचं युग, त्याच्या घराच्या विटेलाही हात लावायचा नाही. प्रधानाने स्वतः जाऊन मुजरा करायचा.'"

राजवाड्यासाठी, राजाला खूश करायला खरडलेली ती ओळ! लोक पोट धरून हसले. राजा ऑस्बर्टने हसू दाबलं आणि म्हणाला, "लिहिलंयत ना? मग निघा, प्रधानजी."

प्रधान झोपडीच्या दारात आला. नाक आता खाली होतं. "मा... मार्थाबाई, मुजरा."

बाई दचकली. वीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्या लोकांच्या तोंडून आपलं नाव ऐकलं. डोळे भरून आले. पण लेचीपेची नव्हती ती.

"बाहेरच थांबा," ती म्हणाली. "फरशी नुकतीच पुसलीय. आधी पाय पुसा."

एल्सी खुदखुदली. खिडकीतली परी तिच्याहून जोरात खुदखुदली, गरगर फिरली, आणि गुलाबी, निळा, सोनसळी उजेड झोपडीभर सांडून त्या उजेडातच विरून गेली.

दारात प्रधान अजून पाय पुसत होता.