शिवेवरची साक्ष

जमिनीला कागद लागतो हे डोंगरातल्या माणसांना ठाऊकही नव्हते, त्या जुन्या काळी एका राज्याच्या टोकाला दोन पाडे होते. एक बोरपाडा, दुसरा आंबेपाडा. दोघांचे डोंगरउतार एकमेकांना लागून होते आणि मधल्या शिवेवरून त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते.

ठकूआजी ही बोरपाड्याची कारभारीण. तंटा असो की सोयरीक, पाड्यात शेवटचा शब्द तिचा. तिचा नवरा तरणाबांड असताना शिवेवर मारामारी झाली, आंबेपाड्याच्या एकाची काठी त्याच्या गुडघ्यावर बसली, आणि तो मरेपर्यंत लंगडत चालला.

आंबेपाड्याचा उतार कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. तो साऱ्या पाड्याचा. दरवर्षी म्हातारी माणसे बसून कुणी कुठे नाचणी पेरायची ते ठरवत. थोडे पेरायचे, बाकीचे मोकळे सोडायचे, म्हणजे माती पुन्हा कस धरते. बोरपाड्याची रीतही हीच होती.

एकदा राजा एका सरदारावर प्रसन्न झाला. डोंगराकडची पडीक जमीन तुझी, असे म्हणून त्याने ताम्रपट करून दिला. सरदार आला तेव्हा आंबेपाड्याच्या उतारावर गवत माजले होते. हे रान विसाव्याला सोडलेले आहे, हे त्याला कसे कळावे? त्याने कुंपण घातले. पेरणी तर तोंडावर आली होती. आंबेपाड्याची माणसे न्यायाधीशाकडे धावली.

न्यायाधीश विचारी होता. तो म्हणाला, ताम्रपट हा जसा मालकीचा पुरावा, तशी जुनी वहिवाट हाही पुरावाच. मात्र वहिवाटीला बाहेरचा साक्षीदार हवा. आपल्याच तोंडाने आपला हक्क शाबीत होत नाही. आता त्या डोंगरात बाहेरचे म्हणजे कोण? एकटा बोरपाडा. ते ऐकून आंबेपाड्याच्या माणसांचे अवसानच गळाले.

सरदाराच्या कारभाऱ्याने वेळ दवडली नाही. तो बोरपाड्यात आला आणि आजीशी गोडीगुलाबीने बोलला. हा उतार कायम ओसाड असतो, एवढेच तिने सांगावे. मग निम्म्या कुरणात बोरपाड्याची गुरे खुशाल चरू देत.

पाडा जमला. उन्हाळ्यात गुरांच्या बरगड्या दिसत, त्यामुळे पुष्कळांना मोह पडला. आजीच्या थोरल्या मुलाने तर बापाच्या पायाची आठवण करून दिली. त्या पायाला तिनेच वर्षानुवर्षे शेक दिला होता. तिला आठवण करून द्यायची गरज नव्हती. मग ती एवढेच म्हणाली, "त्यांची जमीन पडीक ठरली, तर आपली जमीन आपली म्हणायची कोणत्या तोंडानं?"

पण साक्ष काय देणार, ते तिने कुणाला सांगितले नाही.

न्यायसभा भरली. न्यायाधीशाने आजीला विचारले, "या पाड्याशी तुमचं सख्य आहे का?"

"नाही. यांच्या माणसानं माझ्या धन्याचा पाय अधू केला. ते मी विसरलेली नाही."

सरदार सैलावून बसला.

"मग सांगा, हा उतार कुणाचा?"

आजीने आंबेपाड्याच्या माणसांकडे पाहिले. ती सारी माना खाली घालून उभी होती. आता यांना कायमचे बुडवायचे तर एक शब्द पुरे, हे तिला कळत होते.

"त्यांचा," ती म्हणाली. "माझी सासू यांच्याशी शिवेवरून भांडली, तिची सासूही भांडली. मायबाप, जी जमीन कुणाचीच नाही, तिच्या शिवेवरून डोकी कोण फोडून घेईल?"

न्यायाधीशाने निवाडा दिला, की राजाला आपले ते देता येते. जे दुसऱ्याचे आहे ते राजालाही देता येत नाही. राजाला हे लागले, पण पटलेही. सरदाराला त्याने दुसरीकडे जमीन दिली, आणि यापुढे कोणतीही जमीन पडीक ठरवण्याआधी शेजारच्या गावाला विचारावे, असा कायदाच केला.

कुंपण निघाले. आंबेपाड्याची पेरणी त्या वर्षी थोडी उशिरा झाली, पण झाली.

पुढे राजाचे अंमलदार बोरपाड्याचा उतार पडीक आहे का ते पाहायला आले. तेव्हा आंबेपाड्याची म्हातारी माणसे न बोलावता येऊन उभी राहिली आणि त्यांनी ठकूआजीच्या पाड्याची शीव या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवली. वाटेतल्या दोन दगडांवरून मात्र त्यांचे आणि आजीचे तिथेच पुन्हा वाजले.

लहानथोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: शेजारी वैरी असला तरी त्याचा हक्क जो खरेपणाने सांगतो, त्याचाच स्वतःचा हक्क टिकतो.