दाजींचा ठराव आणि झिलूची शिट्टी

पुळणवाडी नावाच्या समुद्राकाठच्या गावात झिलू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. तसे गावात भोळे पुष्कळ होते, पण बाकीचे निवडणुकीला उभे राहून निवडून आले होते, त्यामुळे त्यांना भोळं म्हणायची सोय नव्हती. झिलूला जे सांगाल ते तो करायचा. जेवढं सांगाल तेवढंच करायचा. म्हणून सगळे त्याला मूर्ख म्हणत.

त्या गावात खैरुन परकार राहायची. तिच्या नणंदेने कुवेतहून तिला पोहायचा पोशाख पाठवला होता. हात झाकलेले, पाय झाकलेले, डोक्याला टोपी, तोंड तेवढं उघडं. तो घालून ती रोज सकाळी आपल्या मुलीला, तस्लीमला, पोहायला शिकवायची. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

एके दिवशी सरपंच दाजी रहाट्यांनी टीव्हीवर पाहिलं, की कुठल्याशा परदेशात असले कपडे घालून समुद्रात उतरू देत नाहीत. परदेशात करतात म्हणजे चांगलंच असणार. दाजींनी सभा घेतली. अंगभर कपडे घालून कुणी समुद्रात उतरायचं नाही, असा ठराव झाला. कारणं तीन सांगितली: स्वच्छता, सुरक्षा आणि स्त्रियांची मुक्ती. चौथं कारण कुणी बोललं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. ठराव करणाऱ्या सभेत स्त्री एकही नव्हती. त्या बहुधा मुक्त व्हायच्या राहिल्या होत्या.

झिलूला एक टोपी आणि एक शिट्टी मिळाली.

"अंगभर कपडे घालून कुणी पाण्यात दिसलं, की शिट्टी मारायची आणि बाहेर काढायचं," दाजी म्हणाले. "कळलं?"

"कळलं," झिलू म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी ग्रहण होतं. ग्रहण सुटल्यावर दाजींची आई, कृष्णाआजी, नऊवारी लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन समुद्रात उतरली. तिने नाक धरलं, डोळे मिटले आणि बुडी मारणार, तेवढ्यात शिट्टी वाजली. झिलूने आजींना दंडाला धरून वर आणलं.

"मेल्या, सोड! आंघोळ होऊ दे माझी!"

"आजी, परकारबायच्या पोशाखाला दोन वार कापडसुद्धा लागत नाही, तरी तिला मनाई. तुमचं तर नऊ वार आहे."

आजी अर्ध्या आंघोळीने घरी गेली आणि दिवसभर चुलीला शिवेना, कुणाला शिवू देईना. दाजी उपाशीपोटी किनाऱ्यावर आले.

"गाढवा, ते देवाधर्माचं होतं! देवाधर्माचं असेल तिथे हात जोडायचे आणि बाजूला व्हायचं!"

"बरं," झिलू म्हणाला.

ठरावापासून चार दिवस घरात बसलेली खैरुन एका सकाळी अंगावर ओढणी लपेटून, तस्लीमचा हात धरून भीत भीत आली. झिलू पुढे झाला.

"बाय, तुझा हा पोशाख देवाधर्माचा काय गो?"

"माझ्या मनाचा आहे," खैरुन म्हणाली. "धर्म त्यात आलाच. आणि उन्हाने पाठ सोलत नाही, तेही आलं."

झिलूने टोपी काढली. भक्तिभावाने हात जोडले आणि बाजूला झाला. मायलेकी पाण्यात उतरल्या. तस्लीम त्या दिवशी पहिल्यांदा पाठीवर तरंगली. झिलूला इतका आनंद झाला की त्याने वाळूत बसून दोन टाळ्या वाजवल्या. दाजींनी गच्चीतून ते पाहिलं आणि एका पायात चप्पल घालून धावत आले.

"हात कशाला जोडलेस?"

"धर्माचं होतं, दाजी."

"तो वेगळा!"

"कसा वेगळा? ओलं लुगडं आजींच्या अंगाला चिकटतं, हिचा पोशाख चिकटत नाही. मला एवढाच फरक दिसला."

दाजींनी कपाळावर हात मारला. "अरे, त्या बायांवर सक्ती असते, सक्ती! आपण त्यांना सोडवतोय. बाईला विचारायचं, हे कुणाच्या सक्तीने? सक्ती असली की सोडवायचं!"

"त्यांना घरी बसवून सोडवायचं?"

"तोंड वर करून बोलू नकोस!"

झिलूने तोंड खाली केलं आणि दुसऱ्या दिवशीही तसाच खाली बघत किनाऱ्याने निघाला. त्याला आधी पाय दिसले. पायांत जोडवी होती. वर पाहिलं तर दाजींची सून सुगंधा. माहेरची माणसं आली होती, त्यांना समुद्र दाखवायला दाजी सगळ्यांना घेऊन आले होते. मे महिन्याचं ऊन, आणि सुगंधा कपाळापर्यंत पदर ओढून घामाने निथळत उभी.

"वहिनी, हा पदर कुणाच्या सक्तीने?"

सुगंधाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "मामंजींच्या," ती हळूच म्हणाली.

झिलूने शिट्टी मारली. "सुटलात!"

सुगंधा जणू लग्नापासून त्या शिट्टीचीच वाट बघत होती. तिने पदर कमरेला खोचला आणि धावत लाटांत शिरली. तिच्या आईने तिला इतकं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. व्याह्यांच्या देखत दाजींच्या तोंडाचा रंग मात्र उडाला.

"घरच्या बायकांच्या भानगडीत पडायचं नाही!" ते दात खात म्हणाले.

"मग खैरुनबाय कुणाच्या घरची?"

त्यावर दाजी ओरडले. "आता देव बघू नकोस, घर बघू नकोस, बाई बघू नकोस, पुरुष बघू नकोस! फक्त कपडा बघ! नियम सगळ्यांना सारखा!"

झिलूला हायसं वाटलं. एका डोक्यात मावेल असा हुकूम पहिल्यांदाच मिळाला होता.

सकाळी खैरुन आली, तर झिलू वाटेत आडवा उभा.

"झिलू, माझी बहीण इथल्याच खाडीत गेली," ती म्हणाली. "होडी उलटली. पुरुष पोहून काठाला लागले, बाया राहिल्या, कारण त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पावसाळा सरून होड्या सुरू झाल्या की तस्लीम तीच खाडी ओलांडून पलीकडच्या शाळेत जायची आहे. पोहता आलं नाही तर मी तिला पाठवायची नाही. आणि पाऊस आता आलाच, मग समुद्रात उतरायला मिळायचं नाही."

झिलूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण हुकूम म्हणजे हुकूम. त्याने रडत रडत शिट्टी मारली.

"कपडे कमी करून ये म्हणतोस?"

"मी नाही गो, ठराव म्हणतो."

"मग ठरावालाच म्हणावं, तू कमी कपड्यांत येऊन शिकव माझ्या पोरीला."

तरीही ती रोज यायची. आत पोशाख, वर ओढणी. लेकीला घेऊन वाळूत बसायची आणि समुद्राकडे बघत राहायची. ते बघून एखाद्या दगडालाही वाईट वाटलं असतं. दाजींना वाटलं नाही.

मग जिल्ह्याहून मोठे साहेब आले. आधुनिक किनारा म्हणून पुळणवाडीचा सत्कार होता. मांडव पडला, बँड आला. दाजींनी कडक इस्त्रीचा झब्बा, पायजमा आणि वर जाकीट चढवलं. फोटोवाला म्हणाला, "पाण्यात उभे राहा, छान येईल." दाजी गुडघाभर पाण्यात गेले. फोटोवाला म्हणाला, "थोडे मागे." दाजी मागे गेले. मागून लाट आली आणि दाजी आडवे झाले.

झिलूने फक्त कपडा बघितला. जोरात शिट्टी मारून तो पाण्यात धावला आणि दाजींना गाठून त्याने आधी जाकीट काढलं.

"अरे, वाचव!" दाजी पाणी पीत ओरडले.

"वाचवतो." झिलूने झब्बा काढला.

"बुडतोय मी!"

"थांबा, अजून पायजमा आहे."

पायजमा झिलूच्या हातात आला आणि दाजी पाण्याच्या ओढीत सापडून खोल पाण्यात गेले. मांडवातले सगळे आधुनिक लोक काठावर उभे राहून बोंबलू लागले. खैरुनने ओढणी लेकीच्या हातात दिली आणि पाण्यात झेप घेतली. झिलूने तिच्यावरही शिट्टी मारली, पण ती थांबली नाही. तिने दाजींना काखेत धरून काठाला आणलं आणि वाळूत पालथं घातलं. दाजींनी बराच समुद्र परत केला. अंगावर उरली होती पट्ट्यापट्ट्यांची चड्डी.

"साहेब," झिलू अभिमानाने म्हणाला, "आता हे नियमात बसतात."

खैरुनने लेकीकडून ओढणी घेतली आणि दाजींवर पांघरली. दाजींनी ती डोक्यापासून घोट्यापर्यंत लपेटली. नाक तेवढं बाहेर. तेवढ्यात एक लाट त्यांच्या पावलांवरून गेली. शिट्टी वाजली.

"दाजी, अंगभर!" झिलूने ओढणीचं टोक पकडलं.

"सोड! अरे, साहेब बघतायत!"

"नियम सगळ्यांना सारखा." झिलू ओढू लागला.

"रद्द!" दाजी किंचाळले. "ठराव रद्द! आजपासून कुणी कुणाच्या कपड्याला हात लावायचा नाही!"

"कुणाच्याच?"

"कुणाच्याच, कुणाच्याच!"

झिलूने ताबडतोब हात सोडला. दाजी जीव खाऊन दुसरं टोक ओढत होते, ते मागच्या मागे पडले. वाऱ्याने ओढणी उचलली आणि झिलूच्या नाकासमोरून समुद्रावर नेली.

"धर! धर ती!" दाजी ओरडले.

झिलूने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

ओढणीमागे तस्लीम पाण्यात शिरली. खैरुन तिच्या शेजारून पोहत गेली, पण लेकीला हात लावला नाही. पोरीने हात मारले, पाय मारले, नाकातोंडात पाणी गेलं तरी मारत राहिली आणि ओढणी पकडून एकटी काठाला पोहत आली. खैरुनला काही दिसेना, कारण तिचे डोळे भरले होते. ठराव करणाऱ्या सगळ्यांना मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं.

"झिलूकाका, ही त्यांना द्या," तस्लीम धापा टाकत म्हणाली.

"नाही गो बाय. हुकूम नाही."

शेवटी साहेबांनाच दया आली. त्यांनी ओढणी घेतली आणि कुडकुडणाऱ्या दाजींच्या खांद्यावर टाकायला हात पुढे केला. झिलूने त्यांच्या कानापाशीच शिट्टी मारली.

"साहेब, हात मागे! दाजींचं अंग, दाजींची चड्डी, दाजींची मर्जी. आपण कोण सांगणारे?"